पिवळा ठिपका

"ह्यावर सही करा मिस्त्री, म्हणजे मी मोकळा," असं म्हणून माणिकराव चिटणीसांनी टाइप केलेला कागद दादांच्या पुढ्यात ठेवला. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर आमचाच एक पाना ठेवला.

सकाळचे नऊ वाजले होते. संस्थेची जीप नुकतीच ट्रकच्या मागं दोरखंडानं ओढत आणून आमच्या दारात सोडली होती. तिचं बॉनेटसुद्धा अजून कुणी उघडलं नव्हतं. मी पाना बाजूला करून कागद वाचला. चार ओळी होत्या. चालकानं पाणी तपासलं नाही, काटा लालमध्ये गेला तरी गाडी हाकली, म्हणून इंजिन तापलं आणि चहूकडून ऑइल गळायला लागलं. खाली दादांचं नाव आणि सहीपुरती मोकळी जागा.

"बॉनेट उघडायच्या आधीच निदान झालं?" मी म्हटलं. "मग गॅरेजात कशाला आणली? टायपिस्टकडंच न्यायची."

"मी मिस्त्रींशी बोलतोय."

"इथं दोन मिस्त्री आहेत."

ते हसले. लहान पोर मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालतं तेव्हा हसतात तसे. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि तीन वर्षं झाली होती मला माहेरी येऊन. नवऱ्यानं हात उचलला, मी उलथनं उचललं, विषय संपला. तेव्हापासून विट्याच्या रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजात दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, हाताखाली काम करत होते. गिऱ्हाईक आलं की आधी माझ्याकडं बघायचं आणि मग विचारायचं, "मिस्त्री कुठं गेलेत?" ह्याची मला सवय झाली होती, असं लोक म्हणायचे. नव्हती झाली. आजही नाही.

चिटणीस म्हणजे एका शिक्षणसंस्थेचे चिटणीस. आदल्या दिवशी त्यांचे व्याही आणि विहीणबाई गणपतीपुळ्याला निघाले होते. संस्थेच्या जीपमधून, संस्थेच्या डिझेलवर, संस्थेच्या ड्रायव्हरला घेऊन. कुंभार्ली घाटात इंजिनातून वाफा निघाल्या. व्याही चार तास दगडावर बसले, विहीणबाईंना ऊन लागलं आणि शेवटी दोघं एका टेम्पोत मागं भोपळ्याच्या पोत्यांवर बसून चिपळूणला उतरले. त्या भोपळ्यांचा राग चिटणीस आता ड्रायव्हरवर काढत होते.

ड्रायव्हर होते जालिंदर वाघमोडे. आम्ही त्यांना जालिंदरमामा म्हणायचो. एकोणतीस वर्षं संस्थेत, निवृत्तीला चौदा महिने उरलेले. ते जीपच्या पुढच्या चाकाजवळ उभे होते, टोपी काढून हातात धरलेली.

"सोमवारी मीटिंग आहे," चिटणीस म्हणाले. "हा कागद ठेवला की याला घरी बसवायला अर्धं मिनिट पुरे. पेन्शनबिन्शन काही नाही. बडतर्फ."

"मामा, तुम्ही पाणी बघितलं नव्हतं?" मी विचारलं.

"बघितलं व्हतं शालाक्का. निघताना काठोकाठ भरलं व्हतं."

"मग गेलं कुठं?"

त्यांनी एकदा दादांकडं बघितलं आणि मान खाली घातली. "ते काय मला सांगता यायचं न्हाई," म्हणाले.

मला तेव्हाच त्या बघण्याचा अर्थ लागायला हवा होता.

दादा खुर्चीवर बसले होते. उजवा हात पँटच्या खिशात, डाव्या हातात चहाचा कप. गेले काही महिने ते असेच बसायचे, खिशात हात घालून, एखाद्या मालकासारखे. बिलं मलाच लिहायला लावायचे, सह्यासुद्धा मलाच करायला लावायचे. "सवय लागू दे," म्हणायचे. मला वाटायचं, म्हातारपणी ऐट सुचतेय. कारण दादांची सही म्हणजे साधी गोष्ट नव्हती. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण 'ज्ञा' असा काढायचे की त्याची शेपटी सगळ्या नावाच्या खालून वळसा घेऊन परत वर यायची. पेंटरनं गॅरेजच्या पाटीवर तीच सही मोठी करून रंगवली होती. तालुक्यात कुठल्याही गाडीच्या भांडणात ती सही असलेला कागद आला की भांडण मिटायचं. ज्ञानू पांचाळ खोटं लिहीत नाही, असं लोक म्हणायचे.

"ठेवा कागद," दादा म्हणाले. "बघतो."

"बघायचं काय त्यात?" चिटणीस म्हणाले.

"आधी धू गं गाडी," दादा माझ्याकडं न बघता म्हणाले.

आमच्याकडची ही रीत होती. ऑइल कुठून गळतं हे तेलकट इंजिनाकडं बघून कुणी सांगितलं तर दादा त्याला दारातून हाकलायचे. ऑइल वरून निघतं, खाली ओघळतं आणि भलत्याच ठिकाणाहून टपकतं. जिथं टपकतं तिथं दोष नसतो. म्हणून आधी रॉकेलनं इंजिन लख्ख धुवायचं, कोरडं करायचं, मग लहान बाळाच्या अंगाला लावतात ती पावडर सगळीकडं फवारायची आणि गाडी चालू करायची. पांढऱ्या पावडरीवर पहिली ओली रेघ जिथं उठते, तिथं मूळ.

मी बॉनेट उघडलं. आत नुसता चिखल होता. ऑइल, घाटातली धूळ, जळका वास. खालच्या ऑइलच्या चेंबरवरून काळे थेंब पडत होते. मी ब्रश घेतला आणि धुवायला लागले. चिटणीसांनी खुर्ची ओढून घेतली, पेपर उघडला. जाणार नव्हते ते. सही घेतल्याशिवाय उठणाऱ्यातला माणूसच नव्हता.

इंजिन जाम झालं नव्हतं. मी पान्यानं पुढून फिरवून बघितलं तर सहज फिरलं.

"मामा, कुठं थांबवलीत गाडी?"

"वळणावर. वास आला तसा थांबलो. पाव्हणं म्हणत व्हते फुडं चला, फुडं चहा घिऊ. मी न्हाई ऐकलं."

"आणि काटा?"

"काटा हलतच नव्हता. निम्म्यावर हुता."

मी चिटणीसांकडं वळले. "ऐकलंत का? पाणी संपलं की काट्याला धड कळतच नाही. तो पाण्याची गरमी दाखवतो, रिकाम्या लोखंडाची नाही. लाल काटा तुमच्या टायपिस्टला दिसला असेल, गाडीत नव्हता. हा माणूस नाकावर थांबलाय. नाहीतर आज तुम्हाला इंजिनच नवीन टाकावं लागलं असतं. हार घाला त्यांना."

"ते मिस्त्री सांगतील," चिटणीस पेपराआडून म्हणाले.

मिस्त्री काही सांगत नव्हते. चहा संपला तरी कप डाव्या हातात धरून बसले होते. माझं डोकं फिरायला लागलं होतं.

रॉकेलनं सगळं निघालं, एक गोष्ट सोडून. इंजिनाच्या मागच्या बाजूला, ड्रायव्हरच्या पायांच्या पत्र्याजवळ, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि खालचा ब्लॉक जिथं एकमेकांवर बसतात त्या सांध्यातून एक तांबूस ओघळ खाली उतरला होता. सार्वजनिक नळाखालच्या फरशीवर असतो तसा डाग. ब्रशनं घासला, पत्र्याच्या तुकड्यानं खरवडला, जाईना. भाजून लोखंडात बसला होता. हा काही ऑइलचा डाग नव्हता. पाण्याचा होता, आणि कालचा तर नक्कीच नव्हता. असा डाग बसायला रोज थोडं थोडं पाणी झिरपावं लागतं, पंधरा-वीस दिवस.

मी पावडर मारली, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, गाडी चालू केली. दोन मिनिटांत इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, टॅपेट कव्हरच्या, कडेनं काळ्या रेघा उठल्या. ते साहजिक होतं. तापून तिथलं पॅकिंग कडक झालं होतं, बिस्किटासारखं. ऑइल तिथूनच येत होतं आणि ओघळून चेंबरवरून टपकत होतं. म्हणजे ऑइल गळत होतं इंजिन तापल्यामुळे. आणि इंजिन तापलं होतं पाणी गेल्यामुळे. आणि पाणी...

मागच्या सांध्यावरची पावडर हळूहळू ओली झाली. फुगे आले, बारीक.

मी गाडी बंद केली. टॅपेट कव्हर काढून हेडच्या बोल्टना पाना लावून बघितला. पुढचे घट्ट. मधले घट्ट. मागचे दोन, जिथं वाकून, न बघता, नुसत्या उजव्या हाताच्या जोरावर ओढावं लागतं, ते दोन पाना लावला तसे फिरले. पाव फेरा, वर आणखी थोडं. लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा त्याहून घट्ट असतं.

आणि त्या दोन्ही बोल्टांवर पिवळा ठिपका होता.

हे सांगायलाच हवं. ह्याच जीपचं हेड आम्ही तीन आठवड्यांपूर्वी उघडलं होतं, पॅकिंग बदलायला. सगळं काम मी केलं. पण बोल्टांची शेवटची ओढ आमच्याकडं फक्त दादा मारायचे. किती जोर लागला ते काट्यावर दाखवणारा टॉर्क पाना मी सांगलीहून आणला होता. दादांनी तो खिळ्याला टांगून ठेवला होता. "हाताला कळतं ते काट्याला काय कळणार," म्हणायचे. एकेक बोल्ट ओढायचे आणि ओढून झाला की त्यावर काडीनं पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे. ठिपका असलेल्या बोल्टला मी पाना लावायचा नाही, असा नियम होता. लावला तर तो दादांचा अपमान.

म्हणजे मामांचं पाणी आमच्याच गॅरेजातून गळत होतं.

मी वेस्टच्या चिंध्यांनी हात पुसले आणि मामांच्या समोर जाऊन उभी राहिले.

"पाणी रोज कमी होत होतं ना?"

त्यांनी हातातली टोपी फिरवली.

"मामा, एकोणतीस वर्षं गाडी चालवताय. रोज तांब्याभर पाणी घालावं लागत असणार. कळलं नाही तुम्हाला?"

"कळलं की."

"मग? तोंड शिवलं होतं? इथं यायला काय झालं होतं?"

"आलो व्हतो," ते इतक्या हळू म्हणाले की मला वाकावं लागलं. "दोनदा आलो व्हतो. तू सांगलीला गेली व्हतीस पार्ट आणायला. दादास्नी सांगितलं. दादा म्हणाले, नवीन पॅकिंग हाय, बसंल. पाणी घालत ऱ्हावा."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगताय? नोकरी चाललीय तुमची, आणि तुम्ही टोपी हातात धरून उभे?"

"दादांचं नाव कसं घेऊ, शालाक्का? त्यांनी माझ्या पोरीच्या लग्नाला गाडी दिलीया. आन् त्यास्नी मी कुठल्या तोंडानं म्हणू, तुमचा हात चुकला म्हणून?"

माझ्या डोक्यात जाळ उठला. मामांच्या भोळेपणाचा संताप आला, पण तो जाऊ दे, तो भला माणूस होता. दादांचा आला. सकाळपासून हा माणूस खुर्चीवर बसून आहे. त्याला पहिल्यापासून माहीत आहे. दोनदा सांगितलं होतं त्याला. आणि समोर एक गरीब माणूस मरणाच्या दारात उभा असताना हा डाव्या हातानं चहा पितोय.

मी त्यांच्यापुढं गेले. "दादा, मागचे दोन बोल्ट सैल आहेत."

"तापल्यावर होतात सैल."

"तापून झाले असते तर सगळे झाले असते. हे दोनच कसे? आणि तो डाग तीन आठवड्यांचा आहे. तुम्हाला मी शिकवू?"

चिटणीसांनी पेपर खाली ठेवला. "काय चाललंय?"

"चाललंय असं," मी म्हटलं, "की ड्रायव्हरची चूक नाही. चूक आमच्या गॅरेजची आहे. मामांनी दोनदा येऊन सांगितलं होतं, आम्ही ऐकलं नाही. दादा, सांगा यांना."

दादांनी चहाचा रिकामा कप खाली ठेवला. त्यांची नजर टाइप केलेल्या कागदावर होती. चिटणीसांनी लगेच खिशातलं पेन काढून टोपण उघडलं आणि त्यांच्या पुढं धरलं.

"मिस्त्री, पोरीचं ऐकून स्वतःच्या पाटीला काळं फासू नका. चाळीस वर्षांचं नाव आहे तुमचं. संस्थेच्या सगळ्या गाड्या इथं येतात, येत राहतील. एक सही तर करायचीय."

"ज्ञानू पांचाळ खोटं लिहीत नाही," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. पलीकडच्या पंक्चरवाल्यानं काम थांबवलं. "हेच सांगत आलात ना जन्मभर? आईला सांगितलंत, मला सांगितलंत. नवऱ्याकडून आले तेव्हा सगळं गाव म्हणत होतं पोरगीच वाईट चालीची, तेव्हा चावडीवर जाऊन तुम्ही म्हणालात, माझी पोरगी खोटं बोलत नाही, कारण माझ्या घरात तसं चालत नाही. आणि आज स्वतःवर आलं तर दातखीळ बसली?"

"शालन, आत जा," दादा म्हणाले.

"नाही जाणार."

मी टेबलाच्या खणातून गॅरेजचं लेटरहेड काढलं, मधे कार्बन घातला आणि उभ्यानंच लिहिलं. 'सदर गाडीचे हेड आमच्याकडे बसवताना मागील दोन बोल्ट नीट ओढले गेले नाहीत. त्यामुळे पाणी झिरपून इंजिन तापले व ऑइल गळती झाली. चालक जालिंदर वाघमोडे यांनी दोन वेळा तक्रार केली होती. त्यांची चूक नाही.' लिहिताना पेनाचं टोक दोनदा कागदातून आरपार गेलं.

"हा घ्या. करा सही."

"तूच कर," दादा म्हणाले. "तू लिहिलंस, तूच कर सही. गॅरेज तुझंच आहे."

"माझ्या सहीला कुत्रं विचारत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. आत्ताच यांनी सांगितलं, मिस्त्री सांगतील म्हणून. मीटिंगमध्ये माझं नाव वाचलं तर हसतील आणि मामांना घालवतील. तुमचीच सही पाहिजे."

"शालाक्का, ऱ्हाऊ दे," मामा मागून म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "माझं बघतो मी. दादास्नी नको बोलू."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्या गप्प बसण्यानंच ही वेळ आलीय."

दादा दोन्ही कागदांकडं बघत बसून राहिले. एक टाइप केलेला, एक माझा. हात खिशातून निघेना. मला वाटलं, हे ठरवतायत. चाळीस वर्षांचं नाव एका पारड्यात आणि मामा दुसऱ्या पारड्यात घालून तोलतायत. माझ्या बापाला ह्यात तोलायला लागतंय, ह्याची मला इतकी किळस आली की मी जे बोलू नये ते बोलले.

"ज्या हातानं त्या सैल बोल्टांवर ठिपका दिलात ना," मी म्हटलं, "त्याच हातानं सही करा. तेवढी तरी लाज ठेवा."

 दादांनी खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला.

तो हात टेबलावर थरथरत होता. थंडीनं हलतो तसा नाही. मधलं बोट आणि अंगठा आपले आपण हलत होते, थांबत नव्हते. दादांनी डाव्या हातानं तो दाबून धरला, तरी हलत होता. मग त्यांनी पेन घेतलं, चिटणीसांचंच, आणि माझा कागद पुढं ओढला. 'ज्ञा' काढायला गेले. एक वाकडी रेघ उठली, पेन बोटांतून सुटलं आणि घरंगळत खाली पडलं.

"चार महिने झाले," दादा म्हणाले. "दवाखान्यात दाखवलं कऱ्हाडला. वाढतच जाणार म्हणाले." मग मामांकडं बघून म्हणाले, "जालिंदर, तुझ्या गाडीचे ते बोल्ट मी ओढले. माझ्या हाताला ते घट्टच लागले रे. आईशप्पथ घट्ट लागले. तू पाणी जातंय म्हणालास तेव्हा कळलं मला. पण ते म्हणायचं म्हणजे हात गेला म्हणायचं."

मामांनी नुसती मान हलवली.

"सही येत नाही आता," दादा मला म्हणाले. "शाईचा पॅड आण."

"अंगठा?" चिटणीस म्हणाले. "मिस्त्री, तुम्ही शिकलेला माणूस."

"अंगठा चालतो का नाही मीटिंगमध्ये?"

"चालतो, पण..."

"मग झालं."

मी पॅड आणला.  दादांनी अंगठा पॅडवर ठेवला, पण कागदावर नेताना तो इकडंतिकडं जायला लागला. तीनदा त्यांनी प्रयत्न केला. वर पाटीवर त्यांचीच ती वळशाची सही होती, आणि खाली बसून ते अंगठा एका जागी टेकवायला धडपडत होते.

"धर गं जरा," म्हणाले.

मी त्यांचा हात धरला. ह्या हातानं मला पाना धरायला शिकवलं होतं. अंगठा कागदावर टेकवला आणि वाट बघितली की ते दाबतील. अंगठ्यात जोरच नव्हता. कागदाला स्पर्श झाला तेवढाच. शेवटी वरून माझा अंगठा ठेवून मलाच दाबावा लागला. एकदा वरच्या प्रतीवर, एकदा कार्बनच्या.

सोमवारच्या मीटिंगमध्ये तो कागद वाचला गेला आणि जालिंदरमामा चौदा महिन्यांनी रीतसर निवृत्त झाले. संस्थेच्या गाड्या पुन्हा आमच्याकडं आल्या नाहीत. टॉर्क पाना मी त्याच दिवशी खिळ्यावरून काढला. ह्याला एकतीस वर्षं झाली. चिटणीसांवरचा माझा राग कधीच गेला. मामांवरचाही गेला. 'तेवढी तरी लाज ठेवा' म्हणणाऱ्या त्या एकोणतीस वर्षांच्या बाईचा राग अजून येतो. बोलली ते खरं होतं, म्हणून तर जास्तच येतो.

त्या दिवशी चिटणीस निघून गेल्यावर मामा रॉकेलचा बोळा घेऊन आले आणि दादांच्या अंगठ्याची शाई पुसायला लागले.

"असू दे," दादा म्हणाले. "जाईल आपोआप." मग मला म्हणाले, "मागचे दोन बोल्ट ओढून घे. आणि ठिपका तूच दे."